झेलियाचं आधीचं रक्त

ये ॲड्रियेन, बस इथे. ती बादली पालथी घाल आणि तिच्यावर टेक. खुर्ची एकच आहे, आणि माझ्या गुडघ्यांचा तिच्यावर पहिला हक्क. कॉफी ओतून घे. शेळ्यांचं खाणं आटपायला अजून वेळ आहे, तोवर तुला एक गोष्ट सांगतो. या खोऱ्यात मी पुष्कळ गोष्टी सांगितल्यात, अस्वलाच्या, गोठलेल्या नदीवरून गाडी पलीकडे कॅनडात नेल्याच्या, आणि त्यातली अर्धीअधिक हवा असते हे सगळ्यांना ठाऊक आहे. या गोष्टीत हवा नाही. ही माझीच आहे, आणि तिच्यात मी काही फार शोभून दिसत नाही. तरी ऐक.

आपण इथे काय करतो ते लोरेटने तुला सांगितलं असेलच. पण लोरेट मालकीण आहे, ती सांगते तेव्हा औषधाच्या डबीतली चिठ्ठी वाचल्यासारखं वाटतं. मी माझ्या पद्धतीने सांगतो. मी आठवी झालोय, आणि दरवर्षीची बटाटे काढायची सुट्टी वजा केली तर सहावीच धर. तर, बोस्टनहून कुणीतरी शहाणं माणूस आपल्याकडे चिमूटभर वस्तू पाठवतं. मेंदूतल्या एखाद्या प्रथिनाचा तुकडा. तो आपण शेळीला टोचतो. शेळीचं अंग म्हणतं, हा कोण परका आला? आणि त्याच्यावर भुंकायला कुत्री तयार करतं. जगात त्या एकाच चेहऱ्यावर भुंकणारी कुत्री. त्यांनाच अँटिबॉडी म्हणतात. मग आपण शेळीच्या मानेतून रक्त काढतो, ते गोठू देतो, वर पिवळं पाणी येतं ते सीरम, आणि ते बोस्टनला जातं. तिथे मेंदूचे कागदाहून पातळ काप असतात, त्यांच्यावर ते सोडतात. जिथे ते प्रथिन दडलेलं असेल तिथे आपली कुत्री जाऊन चिकटतात आणि तपकिरी डाग उठतो. डाग दिसला म्हणजे प्रथिन सापडलं. झालं आपलं शास्त्र.

पण एक काम त्याच्याही आधीचं. पहिली सुई टोचायच्या अगोदर त्याच शेळीचं थोडं रक्त काढून ठेवायचं. आपण त्याला आधीचं रक्त म्हणतो. कारण शेळी काही रिकाम्या अंगाने आपल्याकडे येत नाही. तिला लहानपणी काय झालं, तिने काय खाल्लं, कुठल्या डॉक्टरने काय टोचलं, त्या सगळ्याची कुत्री तिच्या रक्तात अगोदरच फिरत असतात. ती कुणावर भुंकतील नेम नाही. म्हणून आधीच्या रक्ताने डाग उठला नाही आणि नंतरच्या रक्ताने उठला, तरच म्हणायचं की ही आपल्या टोचण्याची करणी.

हे मी आज तुला घडाघडा सांगतोय. त्या वेळी मला ते कागद भरण्यातलंच एक काम वाटायचं.

आता त्या फेब्रुवारीकडे येतो. बोस्टनची एक बाई, डॉक्टर अनूश कालायजियन, आर्मेनियन लोकांतली. तिने एका प्रथिनाचा तुकडा पाठवला होता. त्या प्रथिनाचं नाव गाडीच्या नंबरासारखं, अक्षरं आणि आकडे, मला कधी पाठ झालं नाही. म्हातारपणी माणसाची आठवण जाते ना, तर ती जायच्या बऱ्याच आधी हे प्रथिन मेंदूत साठायला लागतं असा तिचा कयास होता. ते दिसायला हवं होतं, आणि दाखवणारी अँटिबॉडी तेव्हा कुणाकडेच नव्हती. आम्ही तिच्यासाठी चार शेळ्या काढल्या. लोरेटच्या वहीत त्यांना नंबर. मी आपली नावं ठेवतो. त्यातली एक ऑरोर, म्हणजे चर्चमधली मेणबत्तीच. मानेत सुई गेली तरी रवंथ थांबायचं नाही. आणि एक झेलिया, नंबर एक्केचाळीस. माझ्या आईची एक मावशी होती त्या नावाची, जिने एका पाद्र्याला बर्फात ढकललं होतं. शेळी तिच्यावर गेली होती.

त्या सकाळी बाहेर उणे तीस. हात सुईवर थांबत नव्हते. तीन शेळ्यांचं झालं. झेलियाला खोड्यात घातली, मान अडकवली, केस भादरले, आणि तिने मागचा पाय असा कुठून आणला देव जाणे, माझ्या बरगडीत बसला. मी खाली. उठलो, पुन्हा गेलो. पुन्हा लाथ बसली, त्याच जागी. श्वास घेतला की आत काहीतरी करकरायचं. आणि नळ्या घेऊन जाणारी गाडी दहाला निघते, ती थांबत नाही. पावणेदहा झाले होते.

आणि ऑरोर शेजारी उभी. रवंथ करत.

मी म्हटलं, अजून कुणालाच काही टोचलेलं नाही. टोचायच्या आधी शेळी ती शेळीच. चौघींचं रक्त तांबडंच. ऑरोरच्या मानेतून आणखी एक नळी भरली, तिच्यावर एक्केचाळीस लिहिलं आणि गाडीत दिली. नंतरचा महिना बरगडीला पट्टा बांधून काढला, आणि त्या दुखण्यात ही नळी कुठल्या कुठे विसरून गेलो. विसरलो म्हणणंही खरं नाही. लक्षात होतं, पण त्यात काही आहे असं वाटत नव्हतं.

टोचणी मात्र झेलियाला नीट झाली. त्या वेळी लोरेटचा भाऊ धरायला होता. तिच्या सीरमने असा डाग उठला म्हणतेस, बाकी तिघींच्या सीरमने काहीच नाही आणि हिच्या सीरमने काप चॉकलेटी. अनूशबाई त्या उन्हाळ्यात मुद्दाम आली, सात तास गाडी हाकत, झेलियाला बघायला. बारीक बाई, चष्मा केसांत खोचलेला, बोलताना तो शोधत राहायची. तिच्या आईने भाजलेला गोड पाव घेऊन आली होती. माझ्या बायकोने तव्यावर प्लॉयची धिरडी टाकली, वर लोणी आणि मेपलचा पाक, तर सात खाल्ली बाईने. झेलियाजवळ उभी राहून म्हणाली की माझ्या हाताखाली दोन माणसं आहेत, शिकलेली, पण या शेळीबाईने माझं जेवढं काम केलं तेवढं कुणीच केलं नाही. झेलियाने तिच्या कोटाचं बटण खाल्लं. आम्ही हसलो. मीही हसलो.

तीन वर्षं गेली. झेलियाचं रक्त दर महिन्याला जात होतं. प्रत्येक वेळी ती बाई एका कापावर झेलियाचं नंतरचं सीरम लावायची आणि शेजारच्या कापावर आधीचं. आधीचं कोरं. नंतरचं तपकिरी. दरवेळी. त्या भरवशावर तिने एक मोठा निबंध छापला, आणि आणखी बावीस प्रयोगशाळांनी तिच्याकडे ते सीरम मागितलं. मार्चअखेर ते पाठवायचं ठरलं होतं.

आता मार्च. एका शुक्रवारी दुपारी मी कागदावर सही घ्यायला लोरेटच्या खोलीत गेलो, तर ती फोन ठेवून खिडकीबाहेर बघत बसलेली. लोरेट बघत बसणारी बाई नाही. मी विचारलं, काय झालं. तिने सांगितलं.

झालं होतं असं की अनूशबाईने एक शेवटची खात्री करायची ठरवली. काही उंदीर असे पैदा केलेले असतात की त्यांच्या अंगात ते प्रथिन मुळातच नसतं. जन्मापासून नाही. त्यांच्या मेंदूवर झेलियाचं सीरम लावलं. कोरं राहायला हवं होतं. ते तपकिरी झालं.

म्हणजे आपली कुत्री भलत्यावरच भुंकत होती.

बाईने तीन महिने घालवले होते, चूक कुठे आहे ते शोधण्यात. पाणी बदललं, रंग बदलला, माणसांच्या हातांवर शंका घेतली. आणि आधीचं रक्त पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. त्या उंदरावरही ते कोरंच. तेव्हा तिने हिशेब मांडला की डाग आधीच्या रक्तात नाही, म्हणजे तो आपल्या टोचण्यातूनच आला. म्हणजे आपण निवडलेला तुकडाच वाईट. तो दुसऱ्या कुठल्या प्रथिनासारखा दिसत असणार, आणि शेळीने त्याच्यावरच कुत्री सोडली असणार. मग ते सीरम कशालाच लायक नाही. सोमवारी सकाळी सगळा साठा भट्टीत घालून नष्ट करणार आणि निबंध मागे घेणार, असं तिने लोरेटला कळवलं होतं. आपल्या शेतावर तिने एका शब्दाचा ठपका ठेवला नव्हता. उलट माफी मागितली होती, एवढ्या चांगल्या शेळीची तीन वर्षं माझ्या चुकीपायी वाया घालवली म्हणून.

ॲड्रियेन, तू वीस वर्षं कागदाच्या गिरणीत काढलीस. यंत्राचा पट्टा सुटतो त्याच्या क्षणभर आधी पायाखालची जमीन वेगळी लागते, तू ओळखतेस ते. तसं झालं. त्या बाईचा सगळा हिशेब एका नळीवर उभा होता, आणि ती नळी ऑरोरची होती हे सबंध जगात एका माणसाला ठाऊक होतं. आणि त्या माणसाच्या हातात सहीचा कागद होता.

मी तिथल्या तिथे लोरेटला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे बाहेर गेलं तर आपल्याकडून शेळीचं शेपूटही कुणी घेणार नाही, तुला कळतंय ना?"

मी म्हटलं कळतंय.

"मी फोन करणार नाही," ती म्हणाली. "हाताने केलंस, आता तोंडाने सांग. आणि फोनवर नाही. तिच्यासमोर जाऊन."

मी म्हटलं, मी उद्या पहाटेच निघतो. तिने गाडीची किल्ली माझ्यापुढे सरकवली, शेताची चांगली गाडी, माझी तिकडे पोचली नसती. एवढंच. मला वाटतं, मी फोन केला असता तर तिने मला त्याच दिवशी काढलं असतं.

शनिवारी अकराच्या सुमाराला मी बोस्टनला तिच्या प्रयोगशाळेत. शनिवार असून बाई तिथेच होती. मला पाहून तिला वाटलं झेलिया मेली. मी म्हटलं, शेळी ठणठणीत आहे, बाई, बसा. आणि उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं. बरगडी, गाडी, पावणेदहा, सगळं. बरगडीचं सांगायला नको होतं, पण तोंडातून आलं.

ती ओरडली असती तर सोपं गेलं असतं. तिने वही ओढली आणि एकेक विचारत गेली. किती नळ्या? कोणत्या दिवशी? बाकी दोन शेळ्यांच्या नळ्या त्यांच्याच का? नक्की का? मी म्हटलं, नक्की, त्या दोघींनी लाथ मारली नाही. तिने लिहून घेतलं. मग पेन ठेवलं.

"मिस्टर मिशो, या तीन महिन्यांत मी माझ्या दोन माणसांना रोज विचारलं, तुम्ही काय चुकवलंत ते सांगा. रोज. त्यातली एक गेल्या महिन्यात काम सोडून गेली."

"मला ठाऊक नव्हतं," मी म्हटलं.

"ठाऊक होतं. तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं, एवढंच."

खिडकीबाहेर कुणीतरी कुत्र्याला फिरवत होतं, ते बघत राहिलो. ती खोलीत दोन येरझाऱ्या घालून आली, चष्मा केसांत असून टेबलावर शोधला, आणि माझ्यासमोर बसली. तिचा चेहरा बदललेला होता. हिशेब नव्याने मांडायला लागलेल्या माणसाचा चेहरा.

ती मला समजेल असं सांगायला लागली. डाग झेलियाच्या अंगात अगोदरपासूनच असेल, तर माझा तुकडा वाईट नाही. मग झेलियाच्या रक्तात दोन टोळ्या असतील, एक तिची स्वतःची जुनी, भलत्यावर भुंकणारी, आणि एक माझ्या टोचण्याची, खरी. खऱ्यांना वेगळं काढता येतं. पण डाग टोचण्यामुळेच आला असेल तर वेगळं काढायला काही उरतच नाही, सगळं भट्टीत. आणि यातलं कोणतं खरं ते सांगणारी वस्तू जगात एकच.

"झेलियाचं, पहिल्या टोचणीच्या आधीचं रक्त. एक थेंब. कुठेही आहे का?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण मला फर्नांड लिझोट आठवला.

फर्नांड म्हणजे आपल्याकडचा जुना जनावरांचा डॉक्टर, आता निवृत्त. नवी शेळी शेतावर आली की कळपात सोडण्याआधी तो तिचं रक्त काढून रोगासाठी तपासायचा. झेलिया ऑक्टोबरात आली होती. पहिली टोचणी फेब्रुवारीत. आणि फर्नांड काही टाकून देणारा माणूस नाही. त्याच्या शेडमध्ये अजून त्याच्या बापाच्या घोड्याचे नाल आहेत.

मी म्हटलं, बाई, भट्टी सोमवारी पेटवू नका. ती म्हणाली बुधवारपर्यंत थांबते. त्याच्या पुढे थांबायचा मला हक्क नाही, बावीस जणांना मी शब्द दिलाय. मी कॉफीसुद्धा न घेता परत फिरलो.

रविवारी प्रार्थनेनंतर फर्नांडला त्याच्या दारातच गाठला. त्याने ऐकलं, आणि आधी मला पाच मिनिटं नुसता हसला. मग म्हणाला की माझ्या उभ्या जन्मात मी ज्या जनावराचं म्हटलं त्याच जनावराचं रक्त काढलं, दुसऱ्या कुणाचं काढणार होतो, बायकोचं? बायको आतून म्हणाली की काढून बघ.

रक्ताच्या नळ्या त्याच्या गॅरेजमधल्या मोठ्या फ्रीझरमध्ये. तो फ्रीझर उघडला तर वर मूस हरणाचं मांस, चार फरे, कागदात गुंडाळलेले. त्याच्याखाली ब्लूबेरीच्या पिशव्या. त्याच्याखाली गेल्या पाच वर्षांतले मासे. फर्नांडची बायको दारात उभी राहून सांगत होती की हा माणूस जेवणात शेळीचं रक्त ठेवतो, हे मी लग्नाच्या वेळी कुणाला विचारलं नाही ही माझीच चूक. तळाशी कॉफीचे अकरा डबे. प्रत्येकात नळ्या. दोघं म्हातारे स्वयंपाकघराच्या टेबलावर बसलो, चष्मे लावून, एकेक नळी बर्फाच्या ताटात ठेवून कानातल्या बिल्ल्याचा नंबर वाचत. शाई उडालेली. तीनाचा आठ दिसायचा, एकाचा सात. दुपार झाली. सातव्या डब्यात एक्केचाळीस मिळाला.

अर्धा चमचा पिवळं पाणी. तारीख ऑक्टोबरची.

मी फर्नांडला म्हटलं, हे तिचंच कशावरून? मला आता दुसऱ्याच्या नळीवर भरवसा ठेवायचा हक्क उरलेला नव्हता, आणि माझ्यावर तर कुणीच ठेवू नये. तो रागावला. उठून आत गेला आणि त्या वर्षाची वही आणली. एक्केचाळीस नंबरासमोर तारीख, तपासणीचा निकाल, आणि त्याच्या कोंबडीच्या पायासारख्या अक्षरात: लाथ मारली, दोनदा.

मी म्हटलं, तिचंच.

नळी कुरियरने पाठवायचा विचार मी क्षणभरही केला नाही. सोमवारी सकाळी मासेमारीच्या पेटीत बर्फ ठेचून भरला, नळी मधोमध, दोन पिशव्यांत, आणि पेटी शेजारच्या सीटवर पट्टा बांधून ठेवली. मार्चातले रस्ते, तुला सांगायला नको, वर चिखल आणि खाली अजून बर्फ. दर तासाला गाडी बाजूला घेऊन पेटीत बर्फ भरत होतो. एका ठिकाणी पोलीस येऊन थांबला, त्याने विचारलं पेटीत काय आहे. मी म्हटलं शेळीचं रक्त. त्याने माझ्याकडे बघितलं, पेटीकडे बघितलं, आणि सावकाश जा म्हणाला.

डाग उठायला दोन दिवस लागतात, हे मला तेव्हाच कळलं. बाईने मला परत जा म्हटलं, मी म्हटलं मी इथेच आहे. तेव्हा तिने मला तिच्या आईकडे नेऊन टाकलं. आई म्हणजे ऐंशीची, काळ्या कपड्यांतली, मला बघून तिने एवढंच विचारलं की शेळीवाला तो हाच का. तिला सगळं माहीत होतं. तरी दोन दिवस द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळून घालत राहिली आणि मी थांबलो की म्हणायची, खा, ज्याने चूक केली त्याने जास्त खावं, ताकद लागते. मी तिच्या मागच्या दाराची बिजागरी दुरुस्त केली. दुसरं काय करणार?

बुधवारी दुपारी बाईने मला बोलावून घेतलं. सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. म्हणाली, हा उंदीर, ज्याच्यात प्रथिन नाही. यावर झेलियाचं ऑक्टोबरचं रक्त लावलंय. बघा.

मी डोळा लावला. मला वाटलं होतं काहीतरी शोधावं लागेल. शोधावं लागलं नाही. सगळं तपकिरी.

टोचणीच्या चार महिने आधीचं रक्त, आणि तपकिरी. कुठल्या जुन्या रोगाने, कुठल्या जुन्या लशीने, ते झेलियालाच ठाऊक. झेलियाची खरी नळी पहिल्याच दिवशी गेली असती, तर पहिल्याच दिवशी हे दिसलं असतं. तीन वर्षं वाचली असती. मी तसं म्हटलं.

बाई म्हणाली, "हो." उगीच समजूत काढली नाही तिने. मग म्हणाली, "आणि सोमवारी मी खरं सीरम जाळणार होते. आता नाही जाळणार. चला, कामाला लागते."

तिचीही एक चूक होती, आणि ती तिनेच मला सांगितली. तिच्या तुकड्याचे कण बसवलेल्या नळीतून सीरम आधी गाळून घ्यायचं असतं. त्या तुकड्याला ओळखणारी कुत्री तिथे अडकतात, बाकीची वाहून जातात, आणि मग अडकलेली तेवढी सोडवून घेतात. सगळे करतात म्हणे. पण झेलियाचं कच्चं सीरमच इतकं झकास चालत होतं, आणि आधीचं रक्त इतकं कोरं, की तिने ते केलंच नाही. आता केलं. एक आठवडा लागला. मी तोवर घरी आलो होतो. तिचा फोन आला तेव्हा शेळ्यांचं दूध काढत होतो.

त्या उंदरावर डाग नाही, कोरा. माणसाच्या मेंदूच्या कापावर डाग आहे. पण पूर्वीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा, फिकट, आणि तिला वाटला होता त्यातल्या सगळ्या जागी नाही. निबंधात तिने तीन गोष्टी सांगितल्या होत्या, त्यातल्या दोन पडल्या. एक उभी राहिली. ती म्हणाली की एक खरी गोष्ट ही तीन वाटण्यापेक्षा जास्त आहे, आणि फोनवर रडत होती की हसत होती ते मला कळलं नाही. निबंध तिने मागे घेतला, आणि बावीसही ठिकाणी पत्र लिहिलं. मी म्हटलं, पत्रात माझं नाव घाला. तिने नाही घातलं, अशा पत्रात घालत नाहीत म्हणाली. तिने लिहिलं की शेळी नंबर एक्केचाळीसचं म्हणून दिलेलं आधीचं रक्त दुसऱ्या शेळीचं होतं. ते पत्र लोरेटने गोठ्याच्या दाराच्या आत चिकटवलंय, तू पाहिलं असशील, तुला वाटलं असेल सरकारी काहीतरी आहे.

काम सोडून गेलेल्या त्या मुलीला बाईने फोन केला, सगळं सांगितलं, परत ये म्हटलं. ती आली नाही. त्या मुलीचं नावही मला ठाऊक नाही. कधी कधी नळीवर नंबर लिहिताना ती आठवते.

आपलं गिऱ्हाईक तुटलं? तुटलं की. पाच-सहा ठिकाणांनी पाठ फिरवली. पण त्या बावीसांतल्या आठांनी उलट आपल्याकडे काम पाठवलं, हे लोरेटला अजून उलगडलेलं नाही. आणि अनूशबाईने दुसरा तुकडा निवडलाय, पहिल्याच्या शेजारचा, म्हणजे दोन बाजूंनी एकच गोष्ट बघता येईल. त्याच्यासाठी या चार नव्या शेळ्या. आज त्यांचं आधीचं रक्त काढायचं. बाईने कागदावर अट घातलीय की ते रोझेर मिशोनेच काढावं. लोरेटने वर आपली अट घातली, की त्याच्यासोबत दुसरं माणूस उभं राहील आणि बघेल. ते दुसरं माणूस म्हणजे तू. म्हणून तुला हे सगळं सांगितलं, गप्पा मारायला नाही. चौघींतली ती पांढरी, कोपऱ्यातली, ती मला आवडत नाही. डोळा वाईट आहे तिचा.

गाडी अजून दहालाच निघते. माझा हात आता पूर्वीसारखा राहिलेला नाही, थंडी आहे, आणि ती पांढरी बया मला एक तरी लाथ देणार. अशा वेळी माझा हात कुठल्या शेळीच्या मानेकडे जातो ते बघ. शेजारणीकडे वळला तर मनगट धर. मी शिव्या देईन, मी म्हातारा आहे, बरगडी दुखते, काहीही सांगेन, सोडू नकोस. आणि दहा वाजले, गाडी दारात भोंगा वाजवायला लागली आणि त्या पांढरीचं रक्त मिळालेलं नसलं, तर तू स्वतः तिच्या नंबराची नळी रिकामी पाठव. वर लिही, हिचं मिळालं नाही. एवढं माझ्यासाठी कर.